व्यसनी पोराला कोठडी हवी की दवाखाना?

नालासोपारा पूर्वेच्या एका वस्तीतील बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना आटोपल्यावर एक आई आमच्याजवळ आली. 'भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? पोलिसांना सांगा, माझ्या पोराला उचलून न्या म्हणावं. महिना-दोन महिने राहू द्या आत. घरातलं एक भांडं ठेवलं नाही त्याने.' पोरगा एमडीच्या नादी लागलेला. बाप कारखान्यात पाळीवर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्याच विहाराच्या पायरीवर दुसरा एक तरुण बसला होता. चार वर्षांपूर्वी गांज्याची पुडी ओढताना तो सापडला. तारखांना जाऊन हजेरी बुडते म्हणून त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विषय संपला असे समजून घरी आला. आज त्याने ते सगळे सोडले आहे, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतो आहे. पण चारित्र्य पडताळणीचा कागद आठवला की त्याचे पाय जड होतात. एका आईला मुलासाठी कोठडी हवी आहे आणि त्या कोठडीचा शिक्का दुसऱ्या मुलाच्या कपाळावरून पुसता पुसत नाही. वसई-विरारमधले लोकमत या दोघांच्या मधे अडकलेले आहे आणि त्यावरच आज आम्हाला बोलायचे आहे.

प्रश्न असा आहे : जो माणूस अमली पदार्थ विकत नाही, बनवत नाही, फक्त स्वतः घेतो, त्याला गुन्हेगार ठरवून तुरुंगात घालावे काय? जगात अनेक ठिकाणी यावर चर्चा झाली, कायदे बदलले, काही ठिकाणी बदललेले कायदे पुन्हा फिरवले गेले. आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे मोकळे करा, ज्याची त्याची मर्जी. दुसरा म्हणतो, सगळ्यांना आत टाका. पहिला आवाज बहुतेक वेळा उंच इमारतीतून येतो, दुसरा दूरदर्शनच्या पडद्यावरून. ज्या वस्तीतली पोरे या धंद्यात मरतात आणि ज्या वस्तीतलीच पोरे या कायद्यात सापडतात, त्या वस्तीला कुणी विचारत नाही. म्हणून आंबेडकरी चळवळीने या प्रश्नावर स्वतःचे मत बनवले पाहिजे, उसने मत घेऊन चालणार नाही.

आमच्या अनेक वाचकांची पहिली प्रतिक्रिया आम्ही जाणतो. तथागतांनी पंचशीलात मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगितले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांकडून वदवून घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग आंबेडकरी वृत्तपत्र नशेखोरांची बाजू कशी काय घेते? तर आम्ही नशेची बाजू घेत नाही. गांजा असो, गर्द असो, एमडी असो की देशीची बाटली असो, ती आपल्या समाजाच्या प्रगतीची वैरी आहे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु वाईट गोष्ट आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हा फरक आम्हाला स्वतः बाबासाहेबांनीच शिकवला आहे.

बाबासाहेब दारूचे कट्टर विरोधक होते. पण दारूबंदीच्या सरकारी कायद्याबद्दल त्यांचे मत काय होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी जाहीरनामा काढला. त्यात दारूबंदीला आर्थिकदृष्ट्या शुद्ध वेडेपणा ठरवून ती रद्द करण्याची मागणी केली होती. कारणेही दिली होती. सरकारचा महसूल बुडतो, बंदी राबवण्यासाठी वरून पोलिसांवर खर्च होतो, आणि एवढे करून दारू थांबत नाही. उलट पूर्वी दुकानात जाऊन फक्त पुरुष पीत; बंदीनंतर दारू घराघरांत गाळली जाऊ लागली आणि बायका-मुलेही त्या धंद्यात आणि त्या व्यसनात ओढली गेली. ज्या महामानवाने पाच वर्षांनी आपल्या अनुयायांना दारू न पिण्याची शपथ दिली, त्यांच्याच पक्षाने दारूबंदीचा कायदा नको म्हटले. यात विसंगती आहे काय? मुळीच नाही. शील हे माणसाने स्वतःहून स्वीकारायचे असते. ते शिकवणुकीने, संगतीने, स्वाभिमानाने येते. दंडुक्याने आलेले शील दंडुका दूर होताच नाहीसे होते. पोलिसाने शील पाळायला लावले तर ते शील उरत नाही, हप्ता होतो.

संविधान सभेतली चर्चाही आठवावी. आजच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ यांवर, औषधी उपयोग वगळून, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले आहे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली तेव्हा आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी आदिवासींच्या धार्मिक-सामाजिक जीवनाचा दाखला देत त्याला विरोध केला. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर हेही विरोधात बोलले. अखेर ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत गेले. म्हणजे राज्याने कोणत्या दिशेने जावे ते संविधानाने सांगितले, त्यासाठी गरिबाच्या पोराला तुरुंगातच टाकले पाहिजे असे कुठेही सांगितलेले नाही. त्याच अनुच्छेदाच्या सुरुवातीला लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. बंदीवाले अनुच्छेदाचा उत्तरार्ध वाचतात, पूर्वार्ध विसरतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८५ पर्यंत या देशात अनेक ठिकाणी गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगानेही सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती, कर आणि नियंत्रणाचा मार्ग सांगितला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केल्यानंतर जगातल्या बड्या राष्ट्रांचा दबाव वाढत गेला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. त्याच्या कलम २७ प्रमाणे नुसते सेवन हा गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासारखा इतर पदार्थ असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००१ च्या दुरुस्तीनंतर अल्प आणि व्यापारी असे प्रमाण ठरवण्यात आले. गांज्याचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत, हेरॉइनचे पाच ग्रॅमपर्यंत, मेफेड्रोन म्हणजे एमडीचे दोन ग्रॅमपर्यंत. शिक्षा कागदावर लहान दिसते. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अभिनेत्रीला जामीन देताना या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले. अभिनेत्रीकडे नामांकित वकील होता. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे कोण आहे? त्याला जामीनदार मिळत नाही, ऐपतीचा दाखला मिळत नाही, वकिलाची फी मिळत नाही. मग तो कबुली देतो.

हे आमच्या मनचे नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ या वर्षांतील मुंबईच्या न्यायालयांमधील या कायद्याच्या खटल्यांचा अभ्यास केला. त्यातून दिसले ते असे की बहुतांश खटले सेवनाचे होते, त्यांतही मोठा वाटा गांजाचा होता, आणि दोषी ठरलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांनी स्वतःच गुन्हा कबूल केला होता. पकडले गेलेले लोक मुख्यतः रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत आणि पदपथावर राहणारे. म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचे हे महायुद्ध प्रत्यक्षात पुडी ओढणाऱ्या मजुराविरुद्ध चालले आहे. ठाण्याच्या रेकॉर्डवर केसेस वाढतात, आकडा फुगतो, साहेबांना शाबासकी मिळते. माल बनवणारा आणि वाटणारा मात्र आकड्यांच्या आड सुरक्षित राहतो.

या कायद्यातला ब्राह्मणी बनावही पाहून घ्या. भांगेच्या झाडाची फुले-शेंडे आणि त्याचा चीक हे कायद्यात गुन्हा. पण नुसती पाने आणि बिया मात्र व्याख्येतून वगळलेल्या. त्या पानांची भांग महाशिवरात्रीला आणि होळीला प्रसाद म्हणून प्यायली जाते. कुंभमेळ्यात साधूंच्या चिलमीतून निघणारा धूर सगळ्या देशाच्या कॅमेऱ्यांना दिसतो, फक्त खाकी वर्दीला दिसत नाही. तीच चिलीम वालीव-पेल्हारच्या गाळ्यातल्या हेल्परच्या हातात दिसली की ती गुन्ह्याचा मुद्देमाल होते. झाड एक, धूर एक, नशा एक. मग एकाला साष्टांग नमस्कार आणि दुसऱ्याला बेडी का? तर नशा कोणती आहे हे पाहून हा कायदा चालत नाही, नशा करणारा कोण आहे हे पाहून चालतो.

अमेरिकेतही हेच घडले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारले आणि पुढची अनेक दशके त्या युद्धाचे कैदी प्रामुख्याने काळे तरुण झाले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार गांजा ओढण्याचे प्रमाण काळ्या-गोऱ्यांत सारखेच असूनही गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक होती. ज्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळ्या बांधवांचा हा अनुभव आपल्याला परका वाटू नये. आपल्या तुरुंगात कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण पाचास एक, आणि लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के. तुरुंगात गेल्यावरही जात सुटत नाही. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरवणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! अशा तुरुंगात आपण आपली व्यसनी पोरे सुधारायला पाठवणार आहोत काय?

२०२१ चा ऑक्टोबर आठवा. एका बड्या सिनेअभिनेत्याचा मुलगा क्रूझवरील छाप्यात पकडला गेला आणि जवळपास चार आठवडे कोठडीत राहिला. मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेने पुरेशा पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच ठेवले नाही. त्या महिन्यात अचानक सगळ्या देशाला या कायद्याची कठोरता दिसली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणात स्वतःसाठी बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे, अशी शिफारस महसूल विभागाकडे केल्याच्या बातम्या आल्या. आम्ही त्या वेळी वाट पाहिली. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत कायद्याची दुरुस्तीही आली, पण ती जुन्या मसुद्यातील एक चूक निस्तरण्यापुरती. शिफारस बासनात गेली. आमचे म्हणणे एवढेच, की श्रीमंताच्या मुलासाठी पाझरलेले मन गरिबाच्या मुलासाठी का पाझरले नाही? चार आठवड्यांची ती कोठडी अन्याय्य होती असे ज्यांना वाटले, त्यांनी आपल्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलाचेही चार आठवडे मोजावेत.

आता वसई-विरारकडे वळू. २००९ मध्ये महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर-वसई-विरार पोलीस आयुक्तालय झाले. खुर्च्या वाढल्या. २०११ मध्येच इथली लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्यानंतर, चाळी-झोपड्या तुटल्यानंतर परवडेल ते घर शोधत कष्टकरी माणूस इथे आला. पहाटेच्या लोकलला लटकत मुंबईला जाणारे आई-बाप आणि दिवसभर वस्तीत मोकळे असलेले पोर, अशी इथली परिस्थिती. अशा ठिकाणी विषाच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यात छापा घालून ७०० किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. किंमत सांगितली १,४०० कोटी रुपये. हा माल बनवायला भट्टी लागते, रसायने लागतात, जागा लागते, वाहने लागतात. हे सारे उभे राहीपर्यंत कुणालाच काही दिसले नाही आणि कोपऱ्यावरच्या पोराच्या खिशातली पुडी मात्र लगेच दिसते, हे कोडे आम्हाला सुटत नाही. छापा मुंबईहून आलेल्या पथकाने घातला, ही गोष्टही वाचकांनी लक्षात ठेवावी.

याच संदर्भात एक स्पष्ट सांगतो. नालासोपाऱ्यात आफ्रिकी देशांतून आलेले नागरिक राहतात, त्यांतले काही या धंद्यात पकडले गेले आहेत. ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी. पण रंग पाहून अख्ख्या समूहाला 'नायजेरियन म्हणजे ड्रग्जवाला' ठरवणे हे आंबेडकरी माणसाला शोभत नाही. 'गुन्हेगार जाती' हा शिक्का कपाळी घेऊन जगलेल्या भटक्या-विमुक्तांची वेदना ज्यांना कळते, त्यांनी दुसऱ्यावर तसा शिक्का मारू नये.

मग त्या आईला आम्ही काय उत्तर द्यायचे? तिचे म्हणणे आम्ही उडवून लावणार नाही. पुस्तकी पुरोगाम्यांना तिचे दुःख कळत नाही. ती कोठडी मागते, कारण तिच्या पोराला चार दिवस नशेपासून तोडणारी दुसरी जागाच तिला माहीत नाही. दवाखाना जवळ असता, फी परवडणारी असती, समुपदेशक घरी आला असता, तर कोणत्या आईने पोरासाठी कोठडी मागितली असती? २०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या केंद्राकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १६ कोटी लोक दारू पिणारे आणि ३ कोटींवर लोक भांग-गांजा-चरस घेणारे आढळले. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधी तरी दाखल होऊन उपचार मिळाले. म्हणजे पकडायला सरकार आहे, बरे करायला नाही. आणि हेही लक्षात घ्या : रेल्वे फलाटावरचे पोर जे व्हाइटनर आणि सोल्यूशन हुंगते, ते तर या एनडीपीएस कायद्यात बसतच नाही. त्याच पाहणीने हुंगण्याच्या नशेतून बाहेर काढण्याची गरज असलेल्या मुलांची संख्या साडेचार लाखांवर सांगितली आहे. सर्वांत गरीब पोराची नशा कायद्याच्या कक्षेबाहेर आणि उपचाराच्याही बाहेर!

उपचाराने माणूस सुधारतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, 'गर्दुल्ला' ही शिवी मराठीत रूढ झाली. त्या वेळी डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे केले. मुंबईत १९८१ पासून काम करणाऱ्या कृपा फाउंडेशनने वसईतही व्यसनमुक्तीचे काम नेले. या लोकांनी व्यसनी माणसाला रुग्ण म्हटले, चोर म्हटले नाही. पण संस्थांच्या दयेवर एवढा मोठा प्रश्न सुटणार नाही. ती राज्याची जबाबदारी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. एक कायदा त्याला रुग्ण म्हणतो, दुसरा गुन्हेगार. पोराने कोणता कायदा मानायचा?

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की सेवनाचा गुन्हा काढला तर नशा वाढेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये लोकांच्या मतदानाने अमली पदार्थ स्वतःसाठी बाळगणे गुन्ह्यातून काढले. उपचाराची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, लोकमत फिरले आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. उलट पोर्तुगालने २००१ मध्ये हाच बदल केला, पण पकडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे न नेता समुपदेशक-डॉक्टर असलेल्या समितीपुढे नेले आणि उपचारावर पैसा खर्च केला. तिथली व्यवस्था अडचणी सोसूनही टिकून राहिली. यातून धडा सरळ आहे. तुरुंगाचे दार बंद करताना दवाखान्याचे दार उघडावे लागते. पहिले केले आणि दुसरे केले नाही, तर आपल्या आयाच उद्या तुरुंगाचे दार उघडायला लावतील.

आणि बंदीचा हिशेब तर आपल्या घरचाच आहे. चंद्रपूरच्या मायभगिनींनी लढून १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी मिळवली. सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारने अवैध दारूचे कारण देत ती उठवली. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली; ती सगळी आपल्यासारख्याच घरांतली होती. दुसरीकडे हेच राज्य जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेते. महसूल हवा तेव्हा नशा हा व्यापार, केस हवी तेव्हा नशा हा गुन्हा. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली होती. लक्षात घ्या, जोतीरावांनी बोट दाखवले ते दुकान आणि परवाना देणाऱ्याकडे, प्यायलेल्या शेतकऱ्याच्या पाठीवर कोरडा ओढा असे त्यांनी म्हटले नाही. आमचीही भूमिका हीच आहे.

ही भूमिका आम्ही ठामपणे मांडतो. विक्री, उत्पादन, तस्करी यांना कसलीही सूट नको. एमडीची भट्टी चालवणाऱ्याला, त्याला जागा देणाऱ्याला आणि डोळे मिटणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्याने पूर्ण शिक्षा द्या. मात्र कलम २७ मधील नुसत्या सेवनाचा गुन्हा रद्द करा. पकडलेल्या व्यक्तीला समुपदेशन आणि उपचाराकडे पाठवा. हे होईपर्यंत आज कायद्यात असलेले कलम ६४-अ तरी राबवा. अल्प प्रमाणासह पकडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालवू नये, असे ते कलम सांगते. हे कलम प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत मोठ्या अक्षरांत लावा आणि पकडलेल्या पोराला व त्याच्या पालकांना वाचून दाखवा. वसई-विरार महापालिकेने नालासोपारा पूर्वेत मोफत व्यसनमुक्ती बाह्यरुग्ण विभाग आणि दाखल करून घेणारे खाटांचे केंद्र उभारावे. नुसत्या सेवनाच्या जुन्या शिक्षा नोकरभरतीच्या पडताळणीत आड येऊ नयेत. आणि या कायद्याखाली कुणाकुणाला अटक होते, त्याची जातनिहाय आकडेवारी सरकारने दरवर्षी जाहीर करावी. आकडे उघडे पडले की कायदा कुणाच्या मानेवर बसला आहे ते आपोआप कळेल.

सरकारकडे मागताना आपणही आपल्या घरात डोकावले पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांच्या तोंडाला वास येतो, हे आपण किती वर्षे झाकणार? जयंतीच्या वर्गणीतला काही भाग एका समुपदेशकाच्या मानधनासाठी का निघू नये? प्रत्येक विहारात रविवारी एक तास व्यसनात सापडलेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी का ठेवू नये? अट एकच, की तिथे कुणाची नालस्ती होणार नाही. आपल्या वस्तीत व्यसनी पोराला आपणच 'गर्दुल्ला' म्हणून हाकलतो आणि मग तो ज्याच्याकडे जातो तो त्याला पुडी देतो.

ज्या नालासोपाऱ्याला आज एमडीच्या बातम्यांमुळे ओळखले जाते, ते मूळचे शूर्पारक, प्राचीन बंदर आणि बौद्ध धम्माचे मोठे केंद्र. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये इथला स्तूप उत्खनन करून जगापुढे आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच भूमीत मिळाला. त्या लेखाचा विषय काय आहे? पूर्वीचे राजे मौजेसाठी शिकारीच्या सहली काढीत, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केली. एका सम्राटाने आपली मौज स्वतः बदलली. त्याच अशोकाने पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांना कैद्यांच्या कल्याणाचे काम सोपवले, ज्याच्यामागे लेकरेबाळे आहेत त्याच्या सुटकेचा विचार करायला सांगितले. स्वतःवर संयम आणि पडलेल्यावर करुणा, ही सोपाऱ्याच्या मातीची शिकवण आहे. आजचे राज्यकर्ते बरोबर उलट वागतात : स्वतःच्या महसुलावर संयम नाही आणि पडलेल्यावर करुणा नाही.

विहारातल्या त्या माउलीला आम्ही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. पोलिसांना सांगतो, असे म्हणणे आम्हाला जमले नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता देता आला नाही. तिला पत्ता देता येईल तोपर्यंत हा लढा आपला आहे. येत्या पालिका सभेत, आमदार-खासदारांच्या दारात, पोलीस आयुक्तालयात समाजबांधवांनी आणि विशेषतः भगिनींनी एकच प्रश्न घेऊन जावे : कोठडी दाखवू नका, आमच्या पोरांचा दवाखाना कुठे आहे ते सांगा. जयभीम!